तुळशीचं लग्न उरकलं की निघूया

ऐरोली, नवी मुंबई

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर मॉरिशसच्या तिकिटाचा विषय काढला की आई "बघू गं पुढच्या वर्षी" म्हणते आणि बाबा नागपूरच्या उन्हावर बोलायला लागतात. म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे. पूर्ण वाचा आणि मग काय ते ठरवा.

समुद्रच बघायचा तर गुहागर काय वाईट, हा बाबांचा प्रश्न रास्त आहे. पण आईला समुद्र नुसता बघायचा नाही, तिला पाण्यात बसायचं आहे. कोकणात लाट अंगावर येते, गुडघ्यांना तो झोक झेपत नाही. मॉरिशसला जवळजवळ सगळ्या बेटाभोवती प्रवाळाचा कठडा आहे. लाटा तिथेच फुटतात आणि आतलं पाणी शांत राहतं. पश्चिमेकडच्या फ्लिक-आँ-फ्लाकसारख्या किनाऱ्यावर आईला निवांत बसता येईल.

आणि बाबा, इतिहास शिकवण्यात तुमची हयात गेली. 1834 पासून आपल्याकडचे मजूर करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत गेले. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट आजही आहे, 2006 पासून तो जागतिक वारशात आहे. त्या लोकांत कोकणातली माणसंही होती. त्यांचे वंशज अजून स्वतःला मराठी म्हणवतात आणि गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते. त्या घाटाच्या पायऱ्यांवर तुम्ही उभे असावं असं मला फार वाटतं.

आता पैशाचं. विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळी किंमत दिलेली असते. एकाच वर्गातल्या जागा कंपनी चढत्या भावाच्या गटांत वाटते आणि स्वस्त गट संपला की पुढचा उघडते. आपण तिघं आहोत. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि आपण तिघांची एकत्र चौकशी केली, तर तिघांनाही वरचा भाव दाखवला जातो. म्हणून मी आधी एकाचं, मग दोघांचं आणि मग तिघांचं बघते. फरक दिसला तर दोन जागा एका बुकिंगवर आणि एक वेगळ्या बुकिंगवर काढायची. बाबांना वाटतं की मोबाइलवर सारखं बघितल्याने भाव चढतो. तसं नाही, मधल्या वेळात कुणीतरी त्या जागा घेतलेल्या असतात.

पण खरी बचत तारखेत आहे, आणि तारखा तुमच्या हातात आहेत. मॉरिशसला महागाई दोनदा येते. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातल्या शाळांना सुट्टी असते, आणि नाताळ ते नवीन वर्ष तर सगळं जगच तिकडे निघतं. त्याशिवाय मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडची कुटुंबं निघतात, तेव्हाही भाव चढतो. जानेवारी ते मार्च भाव उतरतात, पण तो चक्रीवादळांचा काळ. पितृपंधरवड्यात आपल्याकडून गर्दी कमी असते, तेही डोक्यात आलं होतं. पण आबांची तिथी आई चुकवणार नाही आणि मीही तसं सुचवणार नाही. उरतो तो दिवाळीची सुट्टी संपल्यापासून नाताळची गर्दी सुरू होईपर्यंतचा काळ. तेव्हा तिथे उन्हाळा लागत असतो आणि पाणी कोमट होऊ लागतं. तुळशीचं लग्न लावा, पौर्णिमा होऊ दे, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत निघू. नोकरी आणि शाळा असणाऱ्यांना असं आठवड्याच्या मधल्या वारी निघता येत नाही, तुम्हाला येतं. माझी रजा मी जुळवते. आपल्याला परवडणारं तिकीट मिळेल ते तुमच्या या मोकळेपणामुळे, तेव्हा "आमच्यामुळे तुला खर्च" हे वाक्य यापुढे नको.

परतीची तारीख मी नागपूरकडे बघून ठरवली आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की मुंबई-नागपूर विमानांचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. 6 डिसेंबरला दादरला येणाऱ्यांमुळे विदर्भातून येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या गाड्याही भरलेल्या असतात. त्याच्या आधी तुम्ही घरी पोचलेले असाल.

नागपूरहून इथपर्यंत यायला बाबांना विदर्भ एक्सप्रेसच बरी वाटते हे माहीत आहे. पण ज्येष्ठांची सवलत रेल्वेने मार्च 2020 मध्ये बंद केली. आरक्षणही आता 60 दिवस आधीच उघडतं. विमानाचं तिकीट त्याच्या कितीतरी आधी काढता येतं, आणि लवकर काढलं तर वातानुकूलित डब्याच्या भाड्यात आणि त्यात कधी कधी फार अंतर राहत नाही. रात्रभर वरच्या बर्थचा विचार करत झोपण्यापेक्षा ते बरं. देशातल्या देशात जाण्याचं आणि येण्याचं भाडं वेगवेगळं लागतं, म्हणून दोन्ही बाजूंना जी कंपनी स्वस्त असेल ती घेता येते. मॉरिशसचं तसं नाही. तिथे येऊन-जाऊन तिकीट एकत्रच काढायचं, दोन सुटी तिकिटं बहुधा महाग पडतात.

डिसेंबर 2025 पासून आमच्या नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे, त्यामुळे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तिकिटावर एनएमआय लिहिलेलं असेल तर तुम्ही उलव्याला उतराल, बीओएम असेल तर मुंबईत. ऐरोलीहून मला दोन्हीकडे येता येतं. मॉरिशसचं विमान मात्र सहारहून, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावरून आहे, आणि एका विमानतळावर उतरून त्याच दिवशी दुसऱ्यावर धावायचं असा बेत मी कुणालाच करू देणार नाही. दोन वेगळ्या तिकिटांत पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर कसलीच जबाबदारी नसते. त्यात मॉरिशसचं थेट विमान रोज असेलच असं नाही, चुकलं तर दिवसच्या दिवस थांबावं लागेल. म्हणून तुम्ही दोन दिवस आधी माझ्याकडे या. आराम होईल, आणि आईला माझ्या स्वयंपाकघरातले डबेही लावता येतील.

आखातातून वळसा घालून जाणारं तिकीट कधी कधी थेट विमानापेक्षा स्वस्त दिसतं. ते मी घेणार नाही. थेट गेलं तर साधारण साडेसहा तास, वळशाने त्याच्या दुप्पट आणि वर विमानतळावरचं जागरण. बाबा, तुमच्या सत्तरीनंतरच्या पाठीवर मला पैसे वाचवायचे नाहीत.

काही कंपन्या ज्येष्ठांना सवलत देतात, पण ती मूळ भाड्यावर असते, सगळ्या रकमेवर नाही. कधी कधी साधं सवलतीचं भाडं त्याहून कमी असतं, म्हणून दोन्ही बघूनच घेईन. तिकीट मी विमान कंपनीकडूनच काढेन. बदल करायची वेळ आली तर मध्ये तिसरा माणूस नको. आणि ऐनवेळी जमलंच नाही, तर परतावा नसलेल्या तिकिटाचेही विमानतळ शुल्क आणि कर परत मिळतात. सगळेच पैसे बुडतील ही भीती सोडा.

आई, व्हीलचेअरला नाही म्हणू नकोस. सहारला चालणं खूप आहे. 48 तास आधी सांगितलं की ती विनामूल्य मिळते. "मी काय आजारी आहे का" असं तू म्हणशील, पण सगळी ताकद विमानतळावर संपवून समुद्रावर खोलीत पडून राहायचं का?

सामानाचं थोडक्यात. नागपूरच्या विमानात प्रत्येकी 15 किलो आणि हातात 7 किलो, तेच धरून बांधा. तुळशीचं रोप, बिया, ताजी फळं तिथे नेता येत नाहीत. गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत.

व्हिसा आधी काढावा लागत नाही, पण पासपोर्टची मुदत भरपूर असावी लागते. बाबा, दोघांच्या पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं स्वच्छ उजेडात फोटो काढून पाठवा. नाव पासपोर्टवर आहे तसंच तिकिटावर लागतं, आणि आईच्या पासपोर्टवर बाबांचं नाव मधे आहे की नाही ते मला आठवत नाही. रविवारपर्यंत पाठवलंत तर सोमवारी भाडं बघून तिकिटं काढून टाकते.

तुमची,
मनू