वसईतल्या जागांची नावंही नोंदवा

संपादक महोदय,

वसईतली जुनी घरं आणि चर्च यांची नोंद व्हायला हवी, हा रविवारच्या अंकातला लेख वाचला आणि पटला, फक्त त्यात जागांची नावं राहून गेली. किल्ला आला, नंदाखालचं चर्च आलं, कौलारू घरं आली, पण आमच्याकडे बावखलांना (म्हणजे गावातल्या छोट्या तळ्यांना), वाडीतल्या तुकड्यांना, पाऊलवाटांनासुद्धा आपापली नावं आहेत आणि ती आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरलीत. घराचा निदान फोटो तरी काढून ठेवता येतो, बावखल बुजवून वर बिल्डिंग उभी राहिली की बिल्डर देईल तेच नाव त्या जागेला लागतं.

यासाठी वेगळी योजना कशाला हवी? सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना आधीपासून आहे, अनेक उताऱ्यांवर तो कोराच असतो, तो भरायला घ्या. तलाठी आणि धर्मग्रामातली (म्हणजे चर्चच्या पॅरिशमधली) तरुण मंडळी यांनी गावातल्या आजी-आजोबांना सोबत घेऊन आळीआळीतून फिरावं, नाव सांगतानाचा आवाज रेकॉर्ड करावा, मोबाइलवर लोकेशन टाकावं, रस्त्यावरचा क्रूस कुणी उभारला, विहिरीवर रहाट होता का, हेही तिथल्या तिथे विचारून घ्यावं. आणि नाव कुपारी किंवा वाडवळी या इथल्या बोलींत जसं बोलतात तसंच लिहावं, प्रमाण मराठीत सुधारून नको. पावसाळा संपला की लगेच सुरुवात करता येईल, आमच्या गावातले बरेच जण यायला तयार आहेत.

– एक वाचक, वसई