टायमरवाल्या ताई, मनापासून थँक्यू

परवा रविवारी पुण्यात आमच्या टोस्टमास्टर्स क्लबमध्ये (लोकांसमोर बोलायचा सराव करतो तिथे) माझं पहिलं भाषण होतं, आइसब्रेकर म्हणतात त्याला, ४ ते ६ मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं. आठवडाभर पाठ करत होते. आधी टेबल टॉपिक्स झाले, आयत्या वेळी विषय मिळतो आणि एक-दोन मिनिटं बोलायचं, त्यात एका आजोबांनी छत्रीचं मनोगत असं रंगवलं की अख्खा हॉल हसत होता आणि त्याच टाळ्यांमध्ये माझं नाव पुकारलं. तीन-चार वाक्यं झाली, बाबांचा विषय आला (मागच्या वर्षी गेले ते) आणि घसा दाटला, पुढचं काही आठवेचना.

त्या दिवशी टायमर म्हणून बसलेल्या ताई दुसऱ्या क्लबमधून पाहुण्या आल्या होत्या. त्यांनी घड्याळ शेजारच्याकडे दिलं, पाण्याची बाटली घेऊन थेट माझ्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पाठ केलेलं सोड गं, बाबा कसे होते तेवढं मला सांग." मग पुढच्याच खुर्चीत बसल्या आणि शेवटपर्यंत मान डोलवत राहिल्या. मी फक्त त्यांच्याशीच बोलले, बाबांच्या सायकलबद्दल, जे कागदावर नव्हतंच. हिरवं कार्ड वर गेलं तेव्हा कळलं की ४ मिनिटं झालीसुद्धा!

नंतर शोधलं तर त्या निघून गेल्या होत्या, नावही विचारायचं राहिलं. त्या शेजारच्या दादांचेही आभार, आयत्या वेळी घड्याळ सांभाळलंत. ताई, पुढच्या भाषणाला नक्की या, तुमची खुर्ची धरून ठेवते.