देवळाच्या पाठीला ऑइलपेंट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ओव्हेर-सुर-वाज या फ्रेंच खेड्यातल्या चर्चवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. डच चित्रकार व्हॅन गॉगने जून 1890 मध्ये रंगवलेले ते हेच चर्च. हायस्कुलात चित्रकला शिकवायचो तेव्हा जुन्या कॅलेंडरातून कापलेले ते चित्र माझ्या फळ्याशेजारी असायचे.

लेखात एक गोष्ट राहिली. व्हॅन गॉगने दर्शनी दार काढलेच नाही. तो मागे गेला, आपल्याकडे गाभाऱ्याची पाठभिंत असते त्या बाजूला. बाराव्या-तेराव्या शतकातले ते दगडी बांधकाम त्याच्या हाताखाली डुलू लागते. आकाश गर्द निळे, छपराला जांभळ्यात नारिंगी झाक. पुढे वाट फुटते, डावीकडच्या वाटेने एक बाई पाठमोरी चाललेली. पुढच्याच महिन्यात तो गेला. आत्महत्या म्हणून तिथल्या पाद्र्याने चर्चची शवगाडी दिली नाही, शेजारच्या गावाहून आणावी लागली. आज चर्चच्या मागे त्याच जागी चित्राची प्रत उभी केली आहे.

आमच्या गावचे महादेवाचे देऊळ हेमाडपंती. पोरांना मीही मागेच बसवायचो. सावली आणि कोरीव काम दोन्ही तिकडेच. गेल्या शिवरात्रीला तिथे ऑइलपेंट बसला. कीर्तिमुखाचे दात पांढरे, जीभ लाल, नंदी चंदेरी! नखाने खरवडून पाहिले: चंदेरीखाली गुलाबी, गुलाबीखाली पिवळा, त्याखाली चुना. दगड लागलाच नाही. वर एक जण कौतुकाने म्हणतो, "मास्तर, देऊळ कसं चकचक करू राह्यलं!" त्याला काय बोलणार? वर्गणी त्यानेही दिली होती, मीही.

फ्रान्समध्ये 1905 साली धर्म आणि सरकार वेगळे झाले, तरी त्याआधीची बहुतेक गावचर्चे गावाच्याच मालकीची आहेत. पूजा पाद्री करतो, गळके छप्पर गावाच्या माथी. चर्च संरक्षित असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय तिथे ब्रशही लावता येत नाही. आतल्या मूर्ती, घंटा यांचीही वेगळी नोंद होते.

आमच्या पंचायतीच्या दप्तरात देवळाची नोंद 'मंदिर, 1' एवढीच. यंदाही शिवरात्रीआधी रंग द्यायचा ठरलाय. मी वर्गणी देणार नाही, हे कमिटीला कळवले आहे. दिवाळीच्या सुट्टीत दहा-बारा पोरे घेऊन मागच्या भिंतीचे एकेक शिल्प कागदावर उतरवणार आहे. त्या कागदांच्या झेरॉक्स ग्रामसेवकाने दप्तरात लावून घ्याव्यात, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
ता. मेहकर, जि. बुलडाणा