कचेरीबाहेरच्या झेरॉक्सवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. उद्या दुकानापुढं रांग लागली तर तुम्ही मलाच बोल लावाल. पण तुम्ही केलंत ते चार लोकांना कळायला पाहिजे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

माझी मावशी शाहूपुरीत घरोघरी भांडी करते. पदरी नऊ वर्षांचा नातू. रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचं, माणशी 5 किलो धान्य, म्हणजे दोघांचं 10 किलो. 2023 च्या जानेवारीपासून ते फुकट मिळतं. मिळतं म्हणजे, रेशन दुकानातल्या मशीननं अंगठा घेतला तर. "भांडी घासून घासून बोटांच्या रेघाच गेल्यात, त्या मशीनला काय डोंबल दिसणार?" असं मावशी म्हणायची. दुकानदार म्हणे कचेरीत जा, कचेरीत म्हणत आधार अपडेट करा, आणि आधारवाला म्हणे बोटंच येत नाहीत. पोराच्या वाटणीचं धान्यही तिच्याच अंगठ्यावर अडलेलं.

तुमच्याकडं आम्ही नुसती आधारची झेरॉक्स काढायला आलो होतो. "कशाला पाहिजे?" एवढंच तुम्ही विचारलंत आणि मावशीनं सगळं गाऱ्हाणं ओतलं. मागं लोक थांबलेले. तुम्ही कार्डावरचा बारा आकडी आरसी नंबर, म्हणजे रेशनकार्डाचा नंबर, कॉम्प्युटरवर टाकलात आणि प्रिंट काढून तिच्या हातात दिलीत. त्यात दोघांचीही नावं होती, धान्य मंजूर होतं, उचल शून्य. आमचं नावच कटलं असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

"आता तोंडी काही बोलायचं नाही," तुम्ही म्हणालात. अर्ज तुम्हीच लिहिलात, चार ओळींचा: अंगठा उमटत नाही, डोळ्यांची बुबुळं स्कॅन करून धान्य द्यावं, देता येत नसेल तर कारण लेखी कळवावं. आधारच्या अडचणीपायी खऱ्या लाभार्थ्याचं धान्य अडवू नका, असं केंद्रानं 2017 मध्येच राज्यांना कळवलंय, तेही खाली टाकलंत. दोन प्रती काढल्या. आवक टेबलावरचा माणूस वर न बघताच म्हणाला, "ठेवून जा." मावशी तुम्ही पढवल्यासारखी उभीच राहिली. "पोच द्या सायेब." मग शिक्का पडला, पेनानं नंबर पडला. शाई वाळेपर्यंत तिनं त्या कागदाला घडी घातली नाही.

पुढच्या महिन्यात दुकानदारानं स्वतः हाक मारली. बुबुळं जुळली, पावती निघाली. दुकानदारावर माझा राग नाही. सर्व्हर डाऊन झाला की शिव्या त्यानंच खायच्या. पण आधी महिनोन् महिने जे तोंडी सांगण्यात गेलं, ते एका पोचेनं हललं, याचा मला अजून संताप येतो.

अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. हक्काचं धान्य दिलं नाही तर राज्यानं भत्ता द्यायचा, हे त्याच्या कलम 8 मध्ये आहे आणि जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी असतो, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. रेशन दुकानाच्या फलकावर हे मोठ्या अक्षरात का नसावं?

आणि ज्यांचं नावच नाही त्यांचं काय? राज्याचा इष्टांक, म्हणजे किती लोकांना हे धान्य द्यायचं तो ठरलेला आकडा, अजून 2011 च्या जनगणनेवर बेतलेला, शहरी भागात 45.34 टक्के लोकांपुरता. एक नाव गळेल तेव्हा दुसरं आत येणार. शहरातली उत्पन्नाची अट वर्षाला 59 हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. एवढ्यात कोल्हापुरात खोलीभाडं भरून कोण जगतं? अट बदला, इष्टांक वाढवा, आणि कुणाचंही धान्य बंद करण्याआधी कारण लिहून हातात द्या. एवढं झालं तर तुमच्यासारख्यांवर भार पडणार नाही. शाहू महाराजांनी दुष्काळात स्वस्त धान्याची दुकानं काढली हे इथल्या प्रत्येक भाषणात ऐकू येतं. भाषण संपल्यावर वक्त्यांनी एकदा रेशनच्या रांगेतही उभं राहून बघावं.

(जोंधळ्याचं मी बोलणार नव्हते, पण मावशी सोडत नाही. कायद्यात भरड धान्य आहे, मग आमच्या पिशवीत गहू-तांदूळच का, असं तिचं म्हणणं आहे. भाकरीवर वाढलेल्या माणसाला हे पटवून देणं मला जमलेलं नाही.)

बुडलेल्या महिन्यांच्या भत्त्याचा अर्ज अजून लटकलेलाच आहे. त्याची पोच मात्र मावशीच्या ट्रंकेत आहे. आमच्या गल्लीतल्या दोघी सोमवारी तुमच्याकडं येतील. एकीचं अंगठ्याचंच आहे, दुसरीच्या सुनेचं नाव चढत नाही. माझ्याकडून तुम्ही झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. या दोघींकडून घ्या, नाहीतर त्या तुमच्याशीच भांडतील.

आपली,
मावशीची भाची