पंखा फिरताना दिसला पाहिजे

बेडफर्ड, इंग्लंड,
14 सप्टेंबर

प्रिय मिल्या,

पत्रासोबत पुठ्ठ्याच्या नळीत एक फोटो आहे. तो आधी काकांना दाखव आणि मग हे वाचायला घे. त्यांना चष्मा लावून खिडकीपाशी नीट बसू दे, घाई करू नकोस.

पाच वर्षांपूर्वी इथला पहिला एअर शो बघून आलो आणि त्याच रात्री तुला स्पिटफायरचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा, फोटो पाठवला, आठवतंय? रिव्हेट मोजून घ्यावेत इतका लख्ख होता. तू तो काकांना दाखवलास आणि ते म्हणाले, "इंजिन बंद पडलंय का रे याचं?" कॅमेऱ्याचं शटर फक्त 1/1000 सेकंद उघडं ठेवून काढला होता तो. पंख्याची पाती जिथल्या तिथे गोठलेली. हवाई दलात ज्यांनी डकोटा या मालवाहू विमानांची इंजिनं उघडली, बसवली, त्यांना आकाशात थांबलेला पंखा दिसल्यावर दुसरं काय सुचणार? मला ते इतकं लागलं, की तेव्हापासून मी हाच एक फोटो काढायला धडपडतोय.

हिशेब तसा सोपा आहे. या जुन्या विमानांचं मर्लिन इंजिन आरामात चाललेलं असताना मिनिटाला 2000 च्या आसपास फेरे घेतं, आणि मधल्या गिअरमुळे पंखा त्याच्या निम्म्याहून कमी वेगाने फिरतो. म्हणजे सेकंदाला साधारण 16 फेरे. तीन पाती, दोन पात्यांमध्ये 120 अंश. 1/1000 सेकंदात पातं जेमतेम सहा अंश सरकतं, म्हणून ते गोठलेलं दिसतं. 1/125 ला पंचेचाळीसेक अंश सरकतं. तेवढ्यात पंखा फिरतोय हे कळतं, बरेच जण तिथेच थांबतात. पण फिरणाऱ्या पात्यांची पूर्ण चकती हवी असेल, मागची झाडं आरपार दिसतील अशी, तर 1/50 पेक्षाही सावकाश शटर ठेवावं लागतं. आणि तेवढ्या वेळात ताशी 300 किलोमीटरने जाणारं विमान दीड मीटरहून पुढे सरकलेलं असतं! फिरणारं सगळं पुसट आणि विमान मात्र धारदार, हे दोन्ही एकाच फोटोत हवं.

मग कॅमेऱ्यालाच विमानाच्या वेगाने फिरवावं लागतं. ते जिथे नेमकं समोर येणार, तिकडे पावलं रोवायची. कोपरं छातीशी घट्ट धरायची आणि कमरेपासून वळायचं. विमान ठिपक्याएवढं असतानाच त्याला धरायचं, बटण दाबल्यावरही वळत राहायचं. थांबलास की गेला फोटो. मी पहिलं वर्षभर घरासमोरच्या रस्त्यावरच्या गाड्यांवर सराव केला. तुमच्या धानोरीच्या गच्चीवर 1997 साली नवीकोरी सुखोई बघताना काका म्हणायचे, "आवाज येतो तिकडे बघू नका, त्याच्या पुढे बघा." तीच शिकवण इथे कामी आली. तरीसुद्धा 1/40 ला शंभर फोटो काढले तर दोन-तीन हाती लागतात.

उजेडाचीही एक गंमत आहे. भर उन्हात शटर इतकं सावकाश ठेवलं की आत उजेडाचा लोंढा येतो. तो अडवायला ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, फार बारीक करावं, तर कॅमेऱ्यातला धुळीचा कण न् कण आभाळावर उमटतो. म्हणून मी लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लावतो. आणि आभाळ पांढरं असलं की कॅमेरा फसतो आणि विमान काळं ठिक्कर येतं, तेव्हा एक्स्पोजर एक-दीड स्टॉप, म्हणजे आत घ्यायचा उजेड दुप्पट-तिप्पट, वाढवावं लागतं. काही जण गोठलेल्या पंख्याला घरी कंप्यूटरवर चकती जोडतात. मला ते अजिबात पटत नाही. न घडलेली गोष्ट आहे ती.

आता फोटोतल्या विमानाबद्दल. ते हरिकेन आहे, स्पिटफायरसारखंच त्या युद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, क्रमांक आर 4118. 1940 च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये, म्हणजे ब्रिटनच्या आकाशात जर्मनांशी झालेल्या लढाईत, 605 स्क्वाड्रनकडून त्याने 49 उड्डाणं केली. पुढे ते जहाजातून भारतात गेलं, आणि युद्धानंतर बनारस हिंदू विद्यापीठात, इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकायला! 1982 साली पीटर व्हॅशर या इंग्रज गृहस्थांना ते तिथे उघड्यावर पडलेलं दिसलं. त्यांनी ते डोक्यात धरून ठेवलं आणि 2001 मध्ये इंग्लंडला परत आणलं. डिसेंबर 2004 मध्ये ते पुन्हा उडालं. शेपटीकडे अक्षरं बघ: यूपी-डब्ल्यू. ही 1940 सालच्या त्या स्क्वाड्रनची खूण, पण बनारसला इतकी वर्षं काढलेल्या विमानावर 'यूपी' वाचताना मला भरून येतं. आपल्या हवाई दलाची हरिकेनंही याच जातीची, अर्जन सिंग 1944 मध्ये इम्फाळच्या लढाईत ज्यांच्यासह लढले ती. 14 हजारांहून अधिक बनली होती, आज उडणारी फार थोडी.

ओल्ड वॉर्डन म्हणून एक छोटा गवताळ विमानतळ आहे इथून जवळ. रिचर्ड शटलवर्थ या हौशी वैमानिकाने जुनी विमानं जमवली, 1940 मध्ये हवाई दलात असताना तो अपघातात गेला आणि त्याच्या आईने 1944 मध्ये त्याच्या नावाने न्यास केला. तिथे प्रेक्षकांची रांग सरळ नाही, मधे वाकलेली आहे. त्यामुळे वैमानिक वळणावरून येताना विमान आपल्याकडे कलतं आणि त्याची अख्खी पाठ दिसते, पंख, कॉकपिट, सगळं. एरवी जमिनीवरून बघणाऱ्याच्या वाट्याला पोटच येतं.

गेल्या महिन्यात संध्याकाळचा शो होता. ऊन तिरपं झालं होतं. हरिकेनचा मागचा अर्धा भाग पत्र्याचा नसतो, लोखंडी नळ्यांवर लाकडी पट्ट्या आणि त्यावर ताणलेलं कापड. तिरप्या उन्हात त्या पट्ट्या कापडाखालून बरगड्यांसारख्या उठून दिसतात. मर्लिनचा आवाज आधी झाडांमागून आला आणि मग ते वळणावरून कललं. मी 1/40 वर होतो. किती फोटो काढले कळलं नाही. घरी येऊन बघितले, सगळे हलले होते. एकच तेवढा हलला नव्हता. आतला वैमानिक मान वळवून आपल्याकडे बघतोय, आणि नाकासमोर चकती पूर्ण गोल.

2018 मध्ये 'परशुराम' नावाचं डकोटा इंग्लंडहून उडत भारतात पोचलं, तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या काकांचा तू काढलेला फोटो अजून माझ्या टेबलावर आहे. 1947 च्या 27 ऑक्टोबरला श्रीनगरला शीख जवान उतरवणाऱ्या विमानाचा क्रमांक, व्हीपी 905, त्याच्या अंगावर बघून ते उठून उभे राहिले होते, असं तू लिहिलं होतंस. त्या डकोटाचा फोटो मला काढता आला नाही, ही रुखरुख राहिली आहे. म्हणून हा.

काकांना विचार, इंजिन चालू आहे ना. ते जे म्हणतील ते जसंच्या तसं कळव, माझं मन राखायला काही बदलू नकोस. काका-काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिनूला खूप लाड.

तुझा,
अव्या