व्हिडिओ लागत नाही म्हणून फॉरमॅट नको

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

ताईने पेन ड्राइव्हवर पाठवलेल्या व्हिडिओंपैकी काही लागतात, काही लागत नाहीत, आणि घरी येऊन संगणक पाहून गेलेल्या दुरुस्तीवाल्यांनी ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल’ असा निकाल दिला, असे बाबांनी फोनवर सांगितले. फोनवर यातले सगळे नीट समजावता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. सर्वांत आधी एक विनंती: फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालणे, करू देऊ नका. विंडोज खरोखरच बिघडले असते, तर काही व्हिडिओ लागले आणि काही लागले नाहीत असे झाले नसते. शिवाय फॉरमॅट करून पुन्हा तेच विंडोज घातले, की हे व्हिडिओ पुन्हा तसेच अडणार, कारण जी वस्तू आज त्यात नाही ती उद्याही नसणार. मधल्या मध्ये डेस्कटॉपवरचे फोटो आणि बाबांची पेन्शनची कागदपत्रे मात्र जायची.

व्हिडिओ लागला नाही की संशय तिघांवर घ्यावा: फाइल, ती लावणारा प्लेअर आणि खुद्द संगणक. यांतला दोषी कोण हे पाहण्यासाठी बाहेरच्या माणसाची गरज नाही. अडलेली फाइल आधी पेन ड्राइव्हवरून डेस्कटॉपवर कॉपी करून घ्या, कारण जुना पेन ड्राइव्ह मंद असला की नुसत्या त्यापायीही व्हिडिओ अडखळतो. मग त्याच प्लेअरमध्ये नेहमी लागणारा एखादा जुना व्हिडिओ लावून पाहा. तो लागला तर संगणक आणि प्लेअर दोघेही ठणठणीत आहेत आणि अडचण त्या एका फाइलशी आहे. त्यानंतर तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये लावून पाहा. तिथे ती लागली, तर फाइलही चांगली आहे. पहिल्या प्लेअरला ती वाचता येत नाही, इतकेच.

वाचता येत नाही म्हणजे काय, हे बाबांना लगेच कळेल. आजोबांच्या वेळचे जमिनीचे जे कागद आपल्याकडे आहेत, त्यांच्या पाकिटावर नाव-पत्ता बाळबोध लिपीत आहे आणि आतला मजकूर मोडीत. पाकीट कोणाचे ते आपल्याला वाचता येते, आतले अक्षरही लागत नाही. पण म्हणून कागद खराब झाला असे कोणी म्हणत नाही, मोडी जाणणारा माणूस शोधतो. व्हिडिओच्या फाइलचेही असेच असते. नावाच्या शेवटी दिसणारे एमपी४, एमओव्ही, एव्हीआय किंवा एमकेव्ही हे नुसते पाकीट असते; आत चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीने आवळून भरले आहेत ते त्यावरून खात्रीने कळत नाही. त्या पद्धतीने भरणाऱ्या आणि पुन्हा उलगडणाऱ्या यंत्रणेला कोडेक म्हणतात. त्यामुळे सारख्याच नावाच्या दोन एमपी४ फाइलींपैकी एक लागते आणि दुसरी लागत नाही, यात आश्चर्य काही नाही.

ताईच्या व्हिडिओंच्या बाबतीत नेमके काय झाले असावे, याचा अंदाज मला आहे. तिच्याकडे आयफोन आहे आणि २०१७ पासून नवे आयफोन मुळातच एचईव्हीसी नावाच्या कोडेकमध्ये चित्रीकरण करतात. हे मानक २०१३ मध्ये आले; २००३ च्या एच २६४ या मानकाच्या तुलनेत जवळपास तितकेच स्वच्छ चित्र ते साधारण निम्म्या जागेत बसवते, म्हणून फोन बनवणाऱ्यांना ते आवडते. मात्र त्यावर बऱ्याच कंपन्यांचे पेटंट-हक्क आहेत आणि वापरायचे तर त्यांना पैसे मोजावे लागतात. म्हणूनच विंडोज १० मध्ये ते सरसकट दिलेले नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये ते वेगळे, थोडी किंमत देऊन घ्यावे लागते. आता बाबांना एक खूण सांगतो. भाच्याच्या वाढदिवसाचा जो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आला तो संगणकावर लागतो, आणि पेन ड्राइव्हवरचा तोच व्हिडिओ लागत नाही, असे असेल तर माझा अंदाज बरोबर आहे. व्हॉट्सॲप पाठवताना व्हिडिओ पुन्हा आवळून सर्वत्र चालणाऱ्या जुन्या कोडेकमध्ये बसवते. म्हणून तो लागतो, आणि म्हणूनच तो धूसरही दिसतो.

अशा वेळी पडद्यावर जी पाटी येते तिचा मजकूर फार कंजूष असतो, पण तिच्या खाली अक्षरे आणि आकडे मिसळलेला एक लांबलचक क्रमांक असतो, त्याची शेपटी तेवढी पाहावी. शेवटी ५२१२ असेल तर आवश्यक कोडेक सापडला नाही असा त्याचा अर्थ. शेवटी ३६सी४ असेल तर फाइलचा प्रकारच प्लेअरला ओळखता आला नाही, म्हणजे एक तर प्रकार अपरिचित आहे किंवा फाइल अर्धवट आहे.

यावरचा उपाय साधा आणि फुकट आहे. व्हीएलसी नावाचा प्लेअर घ्या. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा, रस्त्याच्या कामावर ठेवतात तसा शंकू हे त्याचे चिन्ह. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो निघाला, २००१ पासून तो सर्वांना मुक्तपणे उपलब्ध आहे आणि आज व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था तो सांभाळते. बहुतेक सगळे कोडेक त्याच्या पोटातच असल्यामुळे वेगळे काही घालावे लागत नाही. तो फक्त व्हिडिओलॅन डॉट ओआरजी या त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवा. गूगलवर नाव शोधले की वर जाहिराती येतात आणि त्यांतल्या काही हुबेहूब खऱ्यासारख्या दिसतात. त्यांवर क्लिक करू नका. प्लेअर घातल्यावर न लागणाऱ्या फाइलवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’ मध्ये व्हीएलसी निवडा.

आता बाबा म्हणतील की व्हीएलसीमध्ये चित्र आले, पण ते धक्के खात चालते आणि आवाज पुढे पळतो. ते होण्याची शक्यता आहे, आणि तो बिघाड नसून जुन्या संगणकाची मर्यादा आहे. आपल्या संगणकातला इंटेलचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे. एचईव्हीसी उलगडण्यासाठी स्वतंत्र सोय इंटेलने २०१५ च्या सहाव्या पिढीपासून दिली. त्याआधीच्या प्रोसेसरला हे सगळे काम साध्या हिशेबाने करावे लागते आणि फोर के, म्हणजे फारच बारीक तपशिलाच्या, चित्रीकरणापुढे त्याचा दम निघतो. त्यासाठी नवा संगणक घ्यायची गरज नाही, ताईलाच फोनमधली एक निवड बदलायला सांगू: सेटिंग्ज, त्यात कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’. पुढचे व्हिडिओ मग एच २६४ मध्ये येतील. जागा जास्त खातील, पण तुमच्याकडे सुरळीत चालतील. जे आधीच आले आहेत ते मी बदलून पाठवीन. मूळ फाइली मात्र पुसू नका.

एखादी फाइल व्हीएलसीमध्येही लागली नाही, तर तिचा आकार पाहा. पेन ड्राइव्ह घाईने उपसला की फाइल अर्धवट राहते. एमपी४ मध्ये कोणता भाग कुठे आहे याची सूची पुष्कळदा फाइलच्या अगदी शेवटी असते, त्यामुळे शेवटचा थोडासा भाग गेला तरी आधीचे सगळे असून नसल्यासारखे होते. ताईकडच्या फाइलचा आकार तिला विचारा. दोन आकडे जुळले नाहीत तर ती पुन्हा मागवण्याला पर्याय नाही.

आई, तुझी तक्रार वेगळी आहे, कीर्तनाचे चित्र दिसते पण आवाज येत नाही. याचे मूळ नव्या टीव्हीत आहे. संगणक टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडला की विंडोज पुष्कळदा आवाजही तिकडेच वळवते, आणि टीव्ही बंद असला तरी तो तिकडेच जात राहतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली स्पीकरचे चित्र आहे, त्यावर एकदा क्लिक कर. वर टीव्हीचे नाव दिसेल, त्या नावावर क्लिक केलेस की यादी उघडेल, तिच्यातून ‘स्पीकर्स’ निवड. तरीही आवाज आला नाही, तर मागच्या बाजूला स्पीकरची वायर हिरव्या छिद्रातच आहे ना, हे बाबांना पाहायला सांग. झाडलोट करताना ती शेजारच्या गुलाबी छिद्रात जाते, आणि ते माइकचे असते.

यूट्यूब किंवा कुठलेच संकेतस्थळ उघडत नाही आणि ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी पाटी येते, त्या दिवशी आधी कोपऱ्यातली तारीख पाहा. बाबा रात्री मेन स्विच बंद करतात, तेव्हा संगणकाचे घड्याळ मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य पट्टीवरच्या, रुपयाएवढ्या बटण-सेलवर चालते. तो सेल संपला की सकाळी तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते. प्रत्येक संकेतस्थळाच्या ओळखपत्राला मुदत असते, आणि चुकीच्या तारखेच्या हिशेबाने ती जुळत नसल्यामुळे ब्राउझर दार उघडत नाही. तारीख हाताने नीट केली की त्या दिवसापुरते काम होते. कायमचा उपाय म्हणजे सीआर २०३२ हा सेल. घड्याळजीकडेही तो मिळतो आणि महाग नसतो.

एका बाबतीत मात्र मी हट्टाने सांगणार आहे. ‘तुमचा प्लेअर जुना झाला आहे’, ‘कोडेक नाही, येथे क्लिक करा’ किंवा ‘संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी कुठलीही पाटी ब्राउझरमध्ये आली, तर ती खिडकी बंद करा; बंद होत नसेल तर सरळ संगणक बंद करा. विंडोज कधीही फोन नंबर देऊन मदतीला बोलावत नाही. समोरच्याने एनीडेस्क, म्हणजे दुरून आपला संगणक चालवू देणारा प्रोग्रॅम, घालायला सांगितले तर फोन ठेवून द्या. पैशांचे काही झालेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करायची. हा क्रमांक फ्रीजवर लिहून ठेवा.

शेवटी ताईच्या लग्नाच्या व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ भरलेल्या सीडी. त्या विंडोजमध्ये लागत नाहीत, कारण त्यांतले चित्रीकरण ‘डॅट’ नावाच्या फाइलीत असते. व्हीएलसीमध्ये त्या लागतील. पण त्यांची नक्कल करताना ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ अशी पाटी येऊन काम मध्येच थांबते, त्याचे कारण समजून घ्यायला हवे. साध्या डेटा सीडीत ओरखडा भरून काढण्यासाठी जी जादा माहिती लिहिलेली असते, ती व्हीसीडीत जागा वाचवण्यासाठी गाळलेली असते. लावताना प्लेअर खराब जागा एक झटका देऊन ओलांडतो. कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र प्रत्येक अक्षर हवे असते, म्हणून तो अडून बसतो. मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून सरळ कडेकडे पुसा. गोल गोल पुसू नका, कारण ट्रॅकच्या, म्हणजे माहितीच्या गोल रेघेच्या, दिशेने पडलेला ओरखडा जास्त नुकसान करतो. छापील बाजूला त्याहून अधिक जपा. सीडीत माहिती चकाकत्या बाजूला नसून छापील बाजूच्या अगदी खाली असते, त्यामुळे तिच्यावर बॉलपेनने नाव लिहू नका आणि कागदी चिठ्ठीही चिकटवू नका. भाऊजींनी अमेरिकेहून पाठवलेली विकतची डीव्हीडी घातल्यावर संगणकाने ‘रीजन बदलू का’ असे विचारले तर नाही म्हणा; विकतच्या डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागांपुरत्या (रीजन) बांधलेल्या असतात, तिकडचा विभाग १ आणि आपला ५, आणि ड्राइव्हला हा बदल फक्त पाच वेळा करता येतो.

एका ड्राइव्हला न वाचता आलेली चकती दुसऱ्याला वाचता येते, असा अनुभव पुष्कळदा येतो, म्हणून दिवाळीला येताना मी माझा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणि एक रिकामी हार्ड डिस्क घेऊन येईन. तोवर त्या व्हीसीडी त्यांच्या डब्यांत उभ्या, टीव्हीच्या मागच्या उन्हातून काढून कपाटात ठेवा आणि पुन्हा पुन्हा कॉपी करून पाहू नका. मधल्या काळात कुठलीही नवी पाटी आली, तर तिचा मोबाइलवर पूर्ण फोटो काढून मला पाठवा. खालचा क्रमांक आणि फाइलचे पूर्ण नाव त्यात दिसले पाहिजे.

आपला,
धाकटा