आधी पेशंटचा पाय बघ

पुणे

प्रिय संगीता,

इन्चार्ज झालीस, पार्टी उधार राहिली. सीआरआरटीचं, म्हणजे चोवीस तास हळूहळू चालणाऱ्या डायलिसिसचं, सर्किट (नळ्या-फिल्टरचा सेट) एका रात्रीत दोनदा क्लॉट होतं, मशिनच खराब असेल का, असं विचारलंयस. मशिनला शिव्या घालण्याआधी पेशंटची मांडी बघ.

आमच्याकडे बहुतेक वेळा घोळ कॅथेटरचाच निघतो. फिमोरल लाइन, म्हणजे मांडीतल्या शिरेतलं कॅथेटर, असली आणि पेशंटने पाय दुमडला, की अ‍ॅक्सेस प्रेशरचा (रक्त ओढून घेताना येणाऱ्या दाबाचा) अलार्म होतो आणि ब्लड पंप थांबतो. कुणी अलार्म म्यूट करून शेजारच्या बेडकडे वळलं, की रक्त फिल्टरमध्येच साकळत बसतं. असं चारदा झालं की सेट गेलाच, आणि नव्या सेटचं बिल बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या माथी. नव्या मुलींना मी सांगते, आधी पाय सरळ करा, ट्यूब कुठे दबलीय का बघा, मगच बटणाला हात लावा. डॉक्टरांकडे शक्यतो मानेतली उजवी लाइन माग. मांडीतच घालायची झाली तर कॅथेटर लांब हवं, 19 ते 24 सेंमीचं. आखूड असलं की रोज रडवतं.

दुसरं, रक्ताचा फ्लो कमी ठेवून फ्लुइड भरपूर काढलं तर फिल्टरमध्ये रक्त घट्ट होणारच. फिल्ट्रेशन फ्रॅक्शन (फिल्टरमध्ये रक्तातल्या प्लाझ्मातून किती पाणी काढलं त्याचं प्रमाण) 20–25 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, प्रीडायल्यूशन (फिल्टरच्या आधीच रक्तात फ्लुइड मिसळणं) वाढवता येईल का विचार.

रक्त साकळू नये म्हणून तुमच्याकडे अजून हेपरिनच आहे ना? दुसरा पर्याय सायट्रेटचा, ते सर्किटमधल्या रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. 2020 साली छापून आलेल्या जर्मनीतल्या मोठ्या ट्रायलमध्ये सायट्रेटवर फिल्टर साधारण 47 तास चालला, हेपरिनवर 26. पण सायट्रेटच्या गटात इन्फेक्शनही जास्त दिसलं, त्यामुळे उगाच हुरळून जाऊ नकोस. शिवाय कॅल्शियम वेळेवर तपासणारं माणूस रात्रीही हवं. लिव्हर बिघडलेल्या पेशंटमध्ये टोटल आणि आयोनाइज्ड (मोकळ्या) कॅल्शियमचं गुणोत्तर 2.5 च्या वर गेलं, तर सायट्रेट साठतंय असं समजून लगेच डॉक्टरांना फोन.

काही वेळा मशिन थांबणारच. सीटी ठरला असेल तर सकाळीच कळवायला लाव, म्हणजे ड्रेसिंग, बॅग बदलणं सगळं त्याच वेळात उरकता येतं. टीएमपी (फिल्टरच्या पडद्यावरचा दाब) चढत चाललं तर शेवटच्या क्षणाची वाट पाहू नका, रक्त वेळीच पेशंटला परत द्या. क्लॉट झालेल्या सेटबरोबर दीडशे-दोनशे मिली रक्त फुकट जातं, आणि आधीच हिमोग्लोबिन 7 असलेल्या माणसाला ते कुठून परवडणार!

आणि चार्टवर एक रकाना वाढव: किती वाजता बंद पडलं, का, परत कधी सुरू झालं. पेशंटला ताशी 20–25 मिली प्रति किलो डोस (फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी) मिळायला हवा; बंद तास धरून डॉक्टर 25–30 लिहितात. पण बंद किती राहिलं याची नोंदच नसेल तर त्यांनी कशावरून ठरवायचं? आमच्या सिनियर डॉक्टरांना हा रकाना आधी फालतू वाटायचा, आता राउंडला पहिला तोच मागतात.

दिवाळीत सांगलीला येतेय. तोवरचे चार्ट काढून ठेव, दोघी मिळून बघू. भडंग तुझ्याकडून.

तुझी,
विजू